वेबमेल लॅपटॉपच्या ब्राऊझरमध्ये उघडतच नाहीये, फोनवर मात्र चालतंय

निळीशाई

मंडळी जरा मदत करा, डोकं चालेनासं झालंय. कामाची मेल मी कायम ब्राऊझरमधूनच बघते, वेगळं सॉफ्टवेअर टाकलेलं नाही. कालपासून काय होतंय की लॉगिनचं पान नीट येतं, पासवर्ड घेतो, मग ते गोल गोल फिरणारं चिन्ह दिसतं आणि त्यानंतर पान पांढरं फटक, एरर नाही, काही नाही, नुसतं कोरं. अर्धा तास तसंच ठेवून पाहिलं तरी फरक नाही. बाकी सगळ्या साइट उघडतात, व्हिडिओ चालतात, म्हणजे नेट गेलेलं नाही. फोनच्या ॲपवर हेच खातं व्यवस्थित दिसतंय.

कॅशे, म्हणजे ब्राऊझरने साठवलेल्या तात्पुरत्या फाइली, साफ करून झाली, रिफ्रेश तर इतक्यांदा केलंय की विचारू नका. क्रोम वापरते, विंडोज ११.

आणि खरी काळजी वेगळीच आहे. हे अडकलं त्याच्या जरा आधी एक भलंमोठं उत्तर लिहून मी पाठवा दाबलं होतं. तेव्हा नेट मधेच गेलं होतं वाटतं. फोनवर सेंटमध्ये बघितलं तर ते पत्र नाहीये, ड्राफ्टमध्येही नाही. ते परत लिहायचं म्हणजे अख्खा दिवस जाईल. काय करू?

अर्धविराम

असं झालं की मी सरळ कंट्रोल शिफ्ट डिलीट दाबतो, ऑल टाइम निवडतो आणि सगळ्या चौकटींवर टिक करून उडवून टाकतो. कुकीज (लॉगिन वगैरे लक्षात ठेवायला साइटने ब्राऊझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी), साइट डेटा, सगळं. परत लॉगिन करावं लागतं एवढंच. नाहीच झालं तर क्रोम काढून परत टाका.

तारजुळणी

निळीशाई ताई, वरचं आत्ता लगेच करू नका प्लीज! अर्धविराम, तुमचा उपाय चुकीचा नाहीये, बऱ्याचदा चालतो, पण इथे ते न गेलेलं पत्र आहे. बऱ्याच वेबमेलमध्ये ऑफलाइनची सोय असते, त्यात नेट नसताना पाठवा दाबलं की पत्र सर्व्हरवर जात नाही, ब्राऊझरच्याच पोटात एक साठा असतो त्यात थांबतं आणि नेट आलं की निघतं. फोनवर ते दिसणारच नाही कारण ते अजून लॅपटॉपच्या बाहेर पडलेलंच नाही. कुकीज आणि साइट डेटा उडवला की तो साठा पण जातो, मग परत मिळायचा मार्ग नाही. तुम्ही नुसती कॅशे, म्हणजे इमेजेस आणि फाइल्सवाली चौकट साफ केली असेल तर त्या साठ्याला हात लागलेला नसतो, म्हणजे पत्र अजून असण्याची आशा आहे.

आता शोधूया. फोनवर चालतंय म्हणजे खातं शाबूत आहे, पासवर्ड बरोबर आहे, खातं भरून अडलंय किंवा बंद केलंय असंही नाही. उरलं नेटवर्क, लॅपटॉप आणि ब्राऊझर. तर हे करून सांगा:

फोन त्याच वाय-फायवर असताना चालतो का, की मोबाइल डेटावर चालत होता? हे बघणं फार गरजेचं, लोक इथेच फसतात. शक्यतो फोनच्या ॲपऐवजी फोनच्या ब्राऊझरमध्ये उघडून बघा कारण ॲप वेगळ्या वाटेने जातं.

लॅपटॉपवर कंट्रोल शिफ्ट एन दाबून इन्कॉग्निटो खिडकी उघडा आणि तिथे लॉगिन करा.

मग नेहमीच्या खिडकीत ते पांढरं पान समोर असताना कंट्रोल शिफ्ट आर दाबा, साधं एफ५ नाही.

काहीही पुसू नका, तिन्हीची उत्तरं इथे टाका.

जुनामॉनिटर

मला पण हाच त्रास!! फक्त माझ्याकडे पांढरं पान नाही, 'तुमचं कनेक्शन खाजगी नाही' असं लाल त्रिकोण वगैरे येतं. आणि दोन-चार साइटवर येतं, फक्त मेलवर नाही. जुना डेस्कटॉप आहे, बरेच महिने बंद होता. 'तरीही पुढे जा' दाबू का?

ठोकताळा

जुनामॉनिटर, दाबू नका. हा हाच त्रास नाहीये, वेगळा आहे. उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा आधी. बंद पडून राहिलेल्या मशिनमध्ये मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपतो, बहुतेक ठिकाणी तो सीआर२०३२ नावाचा असतो, तो मेला की मशीन चालू करताना तारीख कुठेतरी जुन्या वर्षावर जाते. प्रत्येक साइटच्या सर्टिफिकेटला, म्हणजे ती साइट खरी असल्याच्या दाखल्याला, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते, तुमच्या मशीनच्या मते आज जर ती मुदत सुरूच झालेली नसेल तर ब्राऊझर अडवणारच. त्रिकोणाखाली बारीक अक्षरात एरर कोड असतो, त्यात 'सर्ट डेट इनव्हॅलिड' असं दिसलं तर जवळपास नक्की हेच.

तारीख, वेळ आणि टाइम झोन तिन्ही नीट करा, सेटिंगमध्ये वेळ आपोआप घ्यायचा पर्याय चालू करा. मशीन बंद करून चालू केल्यावर तारीख परत मागे गेली तर सेल बदला.

तारीख बरोबर असूनही एरर आली तर तिथे पासवर्ड अजिबात टाकू नका. मेलचा पासवर्ड म्हणजे बाकीच्या सगळ्या खात्यांची किल्ली असते, कारण सगळ्यांचे पासवर्ड बदलायच्या लिंका मेलवरच येतात. म्हणून मेलच्या साइटवर ही एरर आली तर मी कधीच पुढे जात नाही, इतर ठिकाणी एक वेळ चालेल.

विंडोज कुठलं आहे पण?

जुनामॉनिटर

विंडोज ७. तारीख खरंच २००९ दाखवतोय! बदलली आणि मेल उघडली की हो. पण जरा अडखळत चालतेय, काही बटणं दाबलीच जात नाहीत.

ठोकताळा

विंडोज ७ वर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, ती २०२३ च्या जानेवारीतली, त्याच्यापुढे अपडेट येतच नाही. वेबमेलवाले नव्या ब्राऊझरसाठी कोड लिहितात, त्यातलं काही जुन्या ब्राऊझरला कळत नाही, म्हणून बटणं मेल्यासारखी वाटतात. फायरफॉक्सची ११५ ची ईएसआर, म्हणजे जास्त काळ आधार मिळणारी आवृत्ती विंडोज ७ वर चालते, ती टाकून बघा. पण हा तात्पुरता इलाज आहे, खुद्द विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट सर्वसाधारण वापरणाऱ्यांसाठी २०२० च्या जानेवारीतच थांबले. मेल, बँक असल्या गोष्टींसाठी ते मशीन वापरू नये असं माझं स्पष्ट मत. हवं तर वेगळा धागा काढा, इथे निळीशाईंचं राहू दे.

निळीशाई

तारजुळणी, बरं झालं तुम्ही लगेच लिहिलंत, मी खरंच पुसायला निघाले होते. नुसती इमेजेस-फाइल्सवालीच चौकट टिक केली होती कारण बाकीकडे सगळीकडे परत लॉगिन करायचा कंटाळा.

फोन त्याच वाय-फायवर, ब्राऊझरमध्ये पण उघडतंय.

इन्कॉग्निटोत लॅपटॉपवरही उघडलं! पण त्यात ते पत्र नाही.

कंट्रोल शिफ्ट आर ची गंमत म्हणजे, दाबल्यावर नेहमीच्या खिडकीतसुद्धा इनबॉक्स आला, पण नंतर मी एफ५ दाबलं तर परत पांढरं. हे काय आहे?

अर्धविराम

इन्कॉग्निटोत चालतंय म्हणजे एक्स्टेंशन. जाहिराती अडवणारं काही आहे का? ते बंद करा, खेळ खलास.

तारजुळणी

अर्धविराम, एक्स्टेंशनचा संशय रास्त आहे, इन्कॉग्निटोत एक्स्टेंशन मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय चालत नाहीत हे खरं. पण इन्कॉग्निटोत अजून एक गोष्ट नसते, ती म्हणजे त्या साइटने तुमच्या ब्राऊझरमध्ये आधी साठवलेलं सगळं. त्यामुळे इन्कॉग्निटो चाललं यावरून एवढंच कळतं की बिघाड नेहमीच्या प्रोफाइलमध्ये आहे, मग तो एक्स्टेंशनचा असो, कुकीचा असो नाहीतर साठवलेल्या डेटाचा. आणि एक्स्टेंशन असतं तर कंट्रोल शिफ्ट आर ने बरं झालं नसतं, कारण एक्स्टेंशन तेव्हाही चालूच असतं.

ताई, तो कंट्रोल शिफ्ट आर चा फरकच सगळं सांगतोय बघा. सध्याच्या बऱ्याच वेबमेल ब्राऊझरमध्ये सर्व्हिस वर्कर नावाचा एक छोटा प्रोग्राम बसवून ठेवतात. तो पान आणि सर्व्हर यांच्या मध्ये दारवानासारखा उभा असतो, पान मागितलं की सर्व्हरकडे न जाता स्वतःकडची साठवलेली प्रत देतो, म्हणूनच मेल झटपट उघडते आणि नेट नसतानाही दिसते. साधं रिफ्रेश याच्याकडूनच जातं. कंट्रोल शिफ्ट आर मात्र त्याला वगळून थेट सर्व्हरकडे जातं. थेट गेल्यावर उघडतंय आणि याच्याकडून गेल्यावर पांढरं होतंय, म्हणजे याच्याकडची प्रत शिळी झालीये. लॉगिनचं पान बहुतेक वेगळ्या पत्त्यावर असेल, ते याच्या हद्दीत येत नसणार म्हणून ते नीट येतंय. आणि तुम्ही साफ केलेल्या कॅशेत हा प्रोग्राम येत नाही, तो साइट डेटामध्ये मोजला जातो, म्हणून कॅशे कितीही साफ केली तरी हा जागचा हलत नाही.

आता आधी पत्र. परत कंट्रोल शिफ्ट आर दाबा, इनबॉक्स आला की दुसरं काही न करता डावीकडे आऊटबॉक्स शोधा. पत्र दिसलं तर उघडून अख्खा मजकूर कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करून सेव्ह करा, पाठवायचं नंतर बघू. पत्राला फाइल जोडली असेल तर मूळ फाइल लॅपटॉपवर आहे ना तेही बघून घ्या.

निळीशाई

सापडलं!!! आऊटबॉक्ससमोर १ दिसत होता, उघडलं तर अख्खं पत्र जसंच्या तसं. नोटपॅडमध्ये उतरवून घेतलं आणि मी कॉपी करून होईस्तोवर ते आपोआप गेलं पण, फोनवर सेंटमध्ये दिसतंय आता. किती हायसं वाटलं सांगू शकत नाही. मनापासून आभार.

आता ते शिळं कसं घालवायचं? आणि झालं का असं, मी तर काहीच बदललं नव्हतं.

तारजुळणी

वा, फार बरं वाटलं वाचून!

आता एफ१२ दाबा. उजवीकडे किंवा खाली एक पट्टा उघडेल, त्यात नेटवर्क नावाच्या टॅबवर जा आणि पट्टा उघडा ठेवूनच साधं एफ५ दाबा. ओळींची लांब यादी येईल, घाबरू नका, फक्त लाल ओळी बघायच्या. लाल ओळीत स्टेटसच्या रकान्यात काय आकडा आहे? आणि पहिल्या काही ओळींत साइजच्या रकान्यात किलोबाइटऐवजी सर्व्हिस वर्कर असं लिहिलंय का? शेजारच्या कन्सोल टॅबमध्ये लाल अक्षरात काय येतंय तेही सांगा. मग ॲप्लिकेशन नावाच्या टॅबमध्ये डावीकडे सर्व्हिस वर्कर्स आहे, तिथे काय दिसतं?

पूर्ण स्क्रीनशॉट इथे टाकू नका, त्यात मेल पत्ता आणि काय काय येतं. नुसतं टाइप करा.

निळीशाई

पहिल्या सात-आठ ओळींत सर्व्हिस वर्कर लिहिलंय. लाल ओळ एकच, जेएस ने संपणारी फाइल, नावात मध्येच आकडे-अक्षरांची खिचडी, स्टेटस ४०४. कन्सोलमध्ये 'लोडिंग चंक अमुक फेल्ड'. ॲप्लिकेशनमध्ये दोन नोंदी आहेत, एका हिरव्या ठिपक्यापुढे ॲक्टिव्हेटेड अँड रनिंग, दुसऱ्या पिवळ्या ठिपक्यापुढे वेटिंग टू ॲक्टिव्हेट.

तारजुळणी

झालं, रोग सापडला. तुम्ही काही बदललं नाही पण मेलवाल्यांनी बदललं. त्यांनी सर्व्हरवर नवी आवृत्ती चढवली. त्या फाइलच्या नावातली खिचडी प्रत्येक आवृत्तीला बदलते, आणि नवी आवृत्ती चढवताना जुन्या नावाच्या फाइली त्यांनी काढून टाकल्या असणार. तुमच्या ब्राऊझरमधला जुना वर्कर जुन्या पानाची प्रत देतो, ते पान जुन्या नावाची फाइल मागतं, सर्व्हर म्हणतो अशी फाइल नाही, तेच ते ४०४. इनबॉक्स रंगवणारा कोड त्याच फाइलमध्ये आहे, तो आला नाही म्हणून पान कोरं.

आणि तो पिवळा ठिपका म्हणजे नवा वर्कर, तो कधीचाच येऊन थांबलाय! नियम असा की जुना ज्या ज्या टॅबचा कारभार बघतोय ते सगळे टॅब बंद झाल्याशिवाय नवा आपणहून जागा घेत नाही. रिफ्रेश केल्याने टॅब बंद होत नाही, त्यामुळे कितीही एफ५ दाबा, जुनाच राहतो. तुमची मेल किंवा तिचंच कॅलेंडर, कॉन्टॅक्ट्स अजून कुठल्या टॅबमध्ये उघडं आहे का? पिन केलेला टॅब, दुसरी खिडकी, खाली मिनिमाइझ केलेली? सगळे शोधून बंद करा, मग नव्या टॅबमध्ये मेलचा पत्ता टाका. अजून काही पुसायची गरज पडू नये.

निळीशाई

अगदी तसंच! कॅलेंडर दुसऱ्या खिडकीत पिन करून ठेवलेलं असतं माझं, लॅपटॉपचं झाकण लावते पण ब्राऊझर बंद कधी करतच नाही. ते बंद केलं, मेलचे टॅब बंद केले, नव्याने उघडलं आणि इनबॉक्स आला. एफ५ दाबून बघितलं, तरी राहिला. पिवळा ठिपका गेला, एकच हिरवा आहे आता.

लेखणीबहाद्दर

मी इथे नुसता वाचत होतो, पण विचारतो. माझ्याकडे टॅब बंद करून पण गेलं नाही असं झालं तर काय करायचं? आणि फायरफॉक्समध्ये हे कुठे असतं?

तारजुळणी

त्याच ॲप्लिकेशन टॅबमध्ये पिवळ्या ठिपक्याच्या नोंदीशेजारी स्किप वेटिंग असतं, ते दाबलं की नवा लगेच ताबा घेतो. तेही नाही जमलं तर अनरजिस्टर, त्याने फक्त तो वर्कर जातो, बाकी साठा राहतो. हेही करून उपयोग नाही झाला तरच स्टोरेजमध्ये जाऊन क्लिअर साइट डेटा, आणि तेही आऊटबॉक्स रिकामा आहे याची खात्री करून. हे बटण फक्त त्या एका साइटचं पुसतं, म्हणून बाकी कुठे परत लॉगिन करावं लागत नाही. अर्धविरामांचा सगळं उडवण्याचा उपाय त्याच्याही नंतर.

फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या डावीकडच्या कुलपावर क्लिक केलं की कुकीज आणि साइट डेटा साफ करायचा पर्याय मिळतो, तोही त्या साइटपुरताच. एक्स्टेंशनचा संशय असेल तर मदतच्या मेनूत ट्रबलशूट मोड आहे, त्यात सगळी एक्स्टेंशन बंद होऊन ब्राऊझर उघडतो, एक एक बंद करत बसावं लागत नाही.

ठोकताळा

लेखणीबहाद्दर, स्टेटसचा आकडा ४०४ च असेल असं नाही म्हणून थोडं जोडतो. ४०० आणि सोबत कुकी टू लार्ज असं काही आलं तर त्या साइटच्या कुकीज फुगल्यात, त्या पुसल्या की सुटतं. ५०२, ५०३ किंवा ५०४ दिसलं तर त्यांचा सर्व्हर पडलाय, आपण लॅपटॉपशी झटापट करून काही होणार नाही, थांबायचं. ओळीत आकडाच नसेल आणि ब्लॉक्ड लिहिलं असेल तर एक्स्टेंशन किंवा अँटिव्हायरस बघा. आणि सगळं पेंडिंगवर लटकलं असेल तर नेटवर्क, व्हीपीएन चालू असेल तर बंद करून बघा. स्वतःच्या डोमेनची सीपॅनेलवाली (सीपॅनेल म्हणजे होस्टिंग सांभाळायचं सॉफ्टवेअर) मेल असेल तर तिचं पान २०९६ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या त्या नंबरच्या दारावर उघडतं, काही ऑफिसांचे आणि सार्वजनिक ठिकाणचे फायरवॉल नेहमीच्या साइटचं ४४३ सोडून बाकी पोर्ट अडवतात, म्हणून एका वाय-फायवर चालतं आणि दुसरीकडे नुसतं फिरत राहतं. तेव्हा मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघितलं की लगेच कळतं.

काम अडलंच असेल तर थंडरबर्डसारखं मेल सॉफ्टवेअर आयमॅपने, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायच्या पद्धतीने जोडून घ्या, पोर्ट ९९३. ब्राऊझरचा त्याच्याशी संबंध नाही त्यामुळे मेल वाचता-पाठवता तरी येते. जोडताना पॉप ही दुसरी पद्धत निवडू नका, काही सेटिंगमध्ये ते मेल उतरवून सर्व्हरवरून काढून टाकतं.

आणि मेल चालत नाही म्हणून सर्चमध्ये मदतीचा फोन नंबर शोधू नका कोणी. वरच आलेले नंबर कितीदा तरी ठगांचे असतात, लॅपटॉपचा ताबा मागतात, ओटीपी मागतात.

अर्धविराम

तारजुळणी, वर्करचं हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे टीममध्ये अजून दोघांना पांढरं पान येतंय, त्यांना पुसायला सांगणार होतो, आता आधी आऊटबॉक्स बघायला सांगतो.

निळीशाई

मी आमच्या मेल सांभाळणाऱ्यांना कळवावं म्हणते, बाकीच्यांनाही होत असेल. नेटवर्क टॅबमधून एक फाइल सेव्ह करता येते असं दिसलं, हार नावाची, ती पाठवू का?

तारजुळणी

जरूर कळवा, पण ती फाइल नको. त्यात तुमच्या लॉगिनच्या कुकीज आणि टोकन येऊ शकतात, ज्याच्या हाती लागली तो पासवर्डशिवाय तुमच्या खात्यात शिरू शकतो. त्यांनी स्वतः मागितली आणि तुमची त्यांच्याशी खात्रीची ओळख असेल तर बघा, आणि पाठवल्यावर सगळीकडून लॉगआऊट करा. सध्या क्रोमची आवृत्ती, साधारण किती वाजता झालं, ४०४ आलेल्या फाइलचं नाव आणि वर्कर वेटिंगमध्ये अडकला होता एवढं लिहिलंत तरी त्यांना पुरे. अशा वेळी जुन्या फाइली काही दिवस सर्व्हरवर तशाच ठेवायच्या असतात, ते त्यांच्या हातात आहे.

निळीशाई

ठीक, एवढंच लिहून पाठवते.